मधल्या फांदीची बोंडं

१

कापूस चोरीला गेला होता, पण सगळा गेला नव्हता. भगवंतरावांना पहिल्यांदा खटकलं ते हेच.

पौषातली सकाळ. उमरावतीच्या सरकारी बागेचं फाटक अजून बंद होतं. बाहेर अकोला, बाळापूर, अचलपूर इकडून आलेल्या गाड्या सुटल्या होत्या. बाग आज पहिल्यांदाच सगळ्यांना पाहायला खुली होणार होती. आत एकेका जातीच्या झाडांचे वेगळे ताटवे केले होते. एक रंगाच्या झाडांचा, एक औषधाचा, एक देवाच्या फुलांचा, एक पानवेलींचा. मधोमध दोन ताटवे कापसाचे होते. एकात विलायती बी होतं, दुसऱ्यात वऱ्हाडची बनी.

बनीच्या ताटव्यापुढं लाकडी पाटी होती. भगवंतराव हिंगणीचे पाटील, वय पंचावन्न, पण अक्षर एक येत नव्हतं. काल संध्याकाळी बागेच्या कारकुनानं बोट फिरवून वाचून दाखवलं होतं, ‘वऱ्हाडची बनी. बियाणे भगवंतराव पाटील, मौजे हिंगणी, तालुका बाळापूर.’ भगवंतरावांनी ते तीन वेळा वाचून घेतलं होतं. चार मुक्काम करून ते आले होते ते या पाटीसाठीच.

त्यांची बायको दुर्गाबाई चैत्रात वारली. त्यानंतर महिन्याभरात सरकारचा माणूस चांगलं बियाणं मागत गावोगाव फिरला. परमुलखात लढाई लागल्यापासून वऱ्हाडच्या कापसाला चार वर्षं नुसती ओढ होती. जो तो मिळेल ती सरकी पेरत होता. सगळ्या शिवारात बनीत जाड धाग्याची जडी मिसळली होती. निर्मळ बनी राहिली होती ती भगवंतरावांच्या घरी, एका मडक्यात. त्यांनी ते मडकं उचलून दिलं. मूठभरही ठेवलं नाही. घरच्या वावरात विकतची सरकी पेरली. बाईच्या मागं घरातलं काही सरकारच्या बागेत उभं राहतं, यात त्यांना मोठेपणा वाटला होता.

आता ते त्याच ताटव्यापुढं उभे होते. कापसाच्या चाळीस पऱ्हाट्या, छातीएवढ्या. काल त्या पांढऱ्या फुटल्या होत्या. आज शेंड्याला कापूस होता, बुडाला कापूस होता, आणि मधल्या फांद्यांवर नुसती रिकामी टरफलं.

“पाहा,” कारकून महादेवराव म्हणाले. ते पुण्याकडचे, डोक्याला पगडी, नाकाला तपकीर. “पाहा तुमच्या वऱ्हाडची माणसं. तिसऱ्या प्रहरी साहेब येणार. दोन्ही ताटवे पाहून ठरवणार, येत्या मृगाला गावोगाव कोणतं बी द्यायचं. ज्याचा ताटवा भरलेला, त्याचं बी. दुसरा ताटवा उपटायचा. तसा हुकूमच आहे. आणि तुमचा ताटवा असा कमरेत उघडा.”

“चोर कोन?” भगवंतरावांनी विचारलं.

“चोर धरलाय. पार्बताबाई, वेचणीला असते ती. पहाटे झाडायला आत आली होती. ओटीत कापसाचे पुंजके निघाले. चौकीत बसवलीय.”

भगवंतराव उकिडवे बसले. गावात बैल चोरीला गेला की माग त्यांनीच काढायचा. तीस वर्षं ते हेच करत आले होते. त्यांनी आधी पान पाहिलं, मग टरफल, मग जमीन.

पूर्वेच्या कोपऱ्यातल्या पऱ्हाटीच्या बुडाशी मुंग्यांची रांग लागली होती. रांगेच्या तोंडाशी पांढरे दाणे होते.

त्यांनी एक दाणा बोटानं उचलला. तो भात होता.

२

“महादेवराव, इथं कोनी जेवते का?”

“छे. बागेत अन्न सांडायला सक्त मनाई आहे. मुंग्या होतात.”

भगवंतरावांनी दाणा मुंग्यांपुढं परत ठेवला. त्या पऱ्हाटीच्या खोडाला कापसाच्या धाग्याचे वेढेही होते. त्यांनी ते तसेच राहू दिले. कुठल्याशा फांदीला काही अडकलं असेल, असं त्यांना वाटलं.

ते चालत विहिरीपाशी गेले. बियाणं देणाऱ्यांच्या गाड्या आत, चिंचेखाली सोडायची परवानगी होती. अशी गाडी त्यांची एकट्याचीच होती. पोरगी वच्छला चुलीपाशी होती. दोन वर्षांपूर्वी तिला अकोल्याजवळ दिली होती. जावई किसनरावांनी आपणहून म्हटलं होतं, जाऊ द्या तिले, मायच्या बियाचा मान आहे. तिच्या लुगड्याचा काठ ओला होता, विहिरीचं पाणी भरलेलं दिसत होतं.

“बनीचा कापूस गेला, पोरी.”

“हाव. आयकलं मी.” तिनं भाकर थापतानाच म्हटलं. “बसा. भाकर खा.”

“काल तं दहीभात करतो म्हनत होती. माळ्याच्या मानिकबाईकडून दूध आनलं होतं ना?”

“दही लागलं नाई. थंडी किती होती.”

भाकरीवर ठेचा होता. दुर्गाबाई वेचणीच्या दिवसांत दहीभात करायची, त्याची आठवण त्यांनी भाकरीबरोबर गिळली. खाता खाता म्हणाले, “तिसऱ्या प्रहरापर्यंत कापूस नाई सापडला तं तुह्या मायची बनी उपटतात. पाटीसकट.”

वच्छलेचा हात थांबला. “उपटतात? कोनी सांगतलं?”

“हुकूम आहे.”

तिनं शेवटची भाकर काढली. तवा उतरवला आणि चूल विझवली.

भगवंतराव चौकीत गेले. पार्बताबाई भिंतीला टेकून बसली होती. पन्नाशीची, कपाळ मोकळं, बोटं काट्याकुट्यांनी खरबरीत. त्यांना पाहून तिनं पदर घेतला आणि म्हणाली, “या पाटील. तुमीबी इचारा. सकाळपासून सारेच इचारून राहिले. मले आता माह्यावरच संशय येते.”

“ओटीत कापूस कशाचा?”

“वेचनारीच्या ओटीत कापूसच निघन ना. बाबूच्या पगडीत का तपकीर निघत नाई?”

शिपाई हसला. भगवंतरावही हसले असते, पण त्यांचं लक्ष तिच्या पायांकडं होतं.

“पाय पुढं कर.”

तिनं केले. भगवंतरावांनी नीट पाहिलं आणि उठले. काल संध्याकाळी ताटव्याला पाटाचं पाणी सोडलं होतं. काळी माती. तिच्यात रात्रीचा किडाही ठसा ठेवून जातो. बांधावर त्यांनी एक अनवाणी पाऊल पाहिलं होतं, लहान, हलकं. अंगठ्याशेजारच्या बोटाभोवती त्यात गोल रेघ उठली होती.

जोडव्याची रेघ.

पार्बताबाई विधवा होती. तिच्या पायात जोडवी नव्हती.

३

महादेवरावांनी ते ऐकून तपकीर ओढली. “म्हणजे चोर सवाष्ण. पाटील, निम्मं वऱ्हाड सवाष्ण आहे.”

“निम्मं वऱ्हाड पहाटे बागेत नव्हतं. पानं पाहा. वाळल्या पानाचा चुरा एका बोंडात नाई. दवानं पान मऊ असतानी वेचलं. पहाटे आत कोन होतं?”

महादेवरावांनी बोटांवर मोजलं. ते स्वतः, फाटकाच्या खोलीत. बागेचा माळी सहदेव आणि त्याची बायको माणिकबाई, बागेतल्या झोपडीत. पार्बताबाई. आणि तंबूत उतरलेले कापसाचे दलाल सूर्यभानजी, मुंबईच्या पेढीसाठी माल पाहणारे.

“अन् आमची गाडी,” भगवंतराव म्हणाले.

“तुम्हाला कोण चोर म्हणेल? बी तुमचंच.”

सूर्यभानजी पानवेलींच्या मांडवाखाली बसले होते. शरीर एवढं की बसण्यासाठी दोन गिरद्या लागत. वेलींची सावली गार होती. बाजूनं पाहणारी माणसं आता येऊ लागली होती, पानाला हात लावून पाहत होती.

“सूर्यभानजी, बनीची बोंडं तुमाले हवी होती का?”

“हवी होती. कोनाले नाई? पन मले तं शेंड्याची हवी. मोठी, टपोरी. मुंबईवाल्याले डोळ्यात भरलं पाह्यजे. अन् तुमच्या चोरानं शेंडा ठेवला, मधलं नेलं. माल न समजनारा चोर दिसते.” त्यांनी पोटावर हात फिरवला. “अन् मी वाकून वेचतो म्हनाल तं वाकून दाखवतो, पन उठवाले चौघं आना.”

“बाकीचा कापूस कुठं जाईन?”

“साहेबानं पाह्यला की थेट मुंबई. सरकीसकट. पहिला वेचा मार्गशीर्षात झाला, तोबी तसाच गेला. नमुना म्हनून.” मग ते थोडं पुढं सरले. त्यांनी खिशातून एक पुंजका काढला. “शेंड्याचा एक कालच मागून घेतला, खोटं कशाले बोलू. हा धागा पाहा. चार वर्षं झाली, हजार गाड्या हाताखालून गेल्या. असा धागा नाई पाह्यला. सारीकडं मिसळ. पाटील, तुमी नशीबवान मानूस.”

भगवंतरावांची छाती भरून आली. मग लगेच खाली बसली. सरकीसकट मुंबईला जाणार, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. त्यांनीही विचारलं नव्हतं.

उन्हं डोक्यावर आली होती. ते गाडीत जरा आडवे झाले. वाकळ दुर्गाबाईनं शिवलेली, उशीही तिचीच. उशी आज मानेला उंच लागत होती. पोरीनं उन्हात घालून पिंजून आणली असेल, असं म्हणून त्यांनी कूस बदलली. झोप आली नाही. डोळ्यांपुढं ती गोल रेघ होती.

बागेत राहणारी सवाष्ण एकच होती.

४

माणिकबाई रंगाच्या ताटव्यापाशी नवऱ्याबरोबर आलेल्या माणसांना झाडं दाखवत होती. ही आल, हिच्या मुळीचा लाल होतो. हा कुसुंबा, ही नीळ. सहदेव एकेका झाडाचं नाव असं घेत होता, जशी काही सारी त्याच्याच घरची लेकरं. एक म्हातारा आलीच्या झाडापुढं उभा राहून म्हणत होता, आमच्या लग्नातल्या पागोट्याचा रंग हा होय. लोक आपलीच झाडं पाहायला आले होते आणि पहिल्यांदा पाहत असल्यासारखे पाहत होते.

भगवंतरावांनी दोघांना बाजूला घेतलं. माणिकबाईच्या पायात जोडवी होती. पाऊलही लहान.

सहदेवानं ते ओळखलं आणि त्याचा चेहरा उतरला. “पाटील, दोन वर्षं झाली हे उभं करून. माही बायको आपल्याच ताटव्यात चोरी करन काय?”

“मी चोर म्हटलं नाई. मानिकबाई, माह्यासंग या. एक बोंड वेचून दाखवा.”

बनीच्या ताटव्यापाशी माणिकबाईनं पदर खोचला, शेंड्याचं एक बोंड धरलं आणि अंगठ्याच्या नखानं देठापाशी टचकन खुडलं. कापूस, टरफल, देठ, सगळं हातात आलं.

“अरे देवा,” ती लाजून म्हणाली. “फुलासारखं खुडलं मी. आमी फुलमाळी, पाटील. जन्मभर शेवंती अन् झेंडू खुडला. कापसाले कधी हात नाई लागला.”

भगवंतरावांनी मधल्या फांदीकडं पाहिलं. तिथं प्रत्येक टरफल झाडावरच होतं, चारी पाकळ्या शाबूत. पाच बोटांनी एका ओढीत कापूस निघाला होता. कापसाच्या घरात वाढलेला हात होता तो.

“जा बाई. तुमचं काम नोहे हे.”

सहदेवानं श्वास सोडला. माणिकबाई हसत म्हणाली, “पाटील, उन्हाचं थोडं दही खाऊन जाता? काल तुमच्या वच्छलेले दूध अन् विरजन दिलं, त्याच दुधाचं आमचंबी लावलं. चाकूनं कापा असं लागलं आहे.”

“थंडीनं?”

“थंडी कसली जी. चुलीपाशी ठेवलं की लागते.”

भगवंतराव उभेच राहिले. दही खाल्लं नाही. त्यांना मुंग्यांची रांग आठवली. मग ते मागं वळले आणि चौकीकडं जवळजवळ धावत गेले.

५

“पार्बताबाई, एक सांग. वेचायच्या आधी झाडापाशी भात कोन ठेवते?”

पार्बताबाईनं त्यांच्याकडं असं पाहिलं, जसं पोराकडं पाहतात. “दहीभात. सीतादही. पहिल्या वेच्याले सवाष्णीनं करावं. कोपऱ्यातल्या पऱ्हाटीले धागा गुंडाळावा, बुडाशी दहीभात ठेवावा, मंग ओटी पसरावी. मार्गशीर्षात मी बाबूले म्हटलं, मानिकबाईच्या हातून करू. तं म्हने मुंग्या होतात. तसाच वेचला. माह्या मनाले लागलं होतं.”

“अन् चोरानं मधलीच बोंडं काहून नेली?”

ती भिंतीपासून पुढं सरली. मग हसू लागली, तोंडाला पदर लावून.

“हसतं काहून?”

“पाटील, तुमच्या घरची सरकी अन् तुमाले ठाव नाई? मी तीन हंगाम तुमच्या वावरात वेचलं, तुमाले वेचनारीचं तोंड कुठून ध्यानात राहते. माह्या मालकाच्या मागं कोनी काम देत नोतं, तवा दुर्गाबाईनं बोलावलं. दुसऱ्या वेच्याले दुर्गाबाई आमाले बांधावर बसवे अन् स्वतः एकटी वावरात शिरे. शेंडा नाई, बुड नाई. मधल्या फांदीचं बोंड, जे पुरतं फुटलं तेच. ते बियाचं. ते कोनाच्या ओटीत जात नोतं, तिच्याच ओटीत. तिच्या सासूनं तिले शिकवलं होतं. मडकं का आभायातून पडलं होतं?”

भगवंतराव चौकीच्या पायरीवर बसले.

बनी निर्मळ का राहिली, हे त्यांना आजपर्यंत कोणी विचारलं की ते म्हणत, आमची जमीनच तशी. तीस वर्षं म्हणत आले होते. दरवर्षी दुसऱ्या वेच्याला बाई एकटी वावरात जाते हे त्यांनी पाहिलं होतं. का जाते, हे विचारलं नव्हतं. मडकं भरायचं कुठून, हे त्यांनी मडकं देतानाही विचारलं नव्हतं.

“हे आनखी कोनाले ठाव होतं?” त्यांनी विचारलं, उत्तर माहीत असूनही.

“तिच्या पोरीले,” पार्बताबाई म्हणाली. मग तिचं हसू थांबलं. “पाटील, मी काई बोलली नाई. मले इथंच बसू द्या.”

आता एकेक गोष्ट जागेवर बसत होती. लागलेलं दही पोरीनं लागलं नाही म्हटलं, कारण दहीभात झाडापाशी गेला होता. ओला काठ विहिरीच्या पाण्यानं नव्हे, दवानं. पायात जोडवी. कापसाच्या घरचा हात. आणि उशी.

ते चिंचेखाली आले. वच्छला गाडीच्या दांडीवर बसून होती, जशी काही वाटच पाहत होती. भगवंतरावांनी उशी ओढून घेतली आणि शिवण दाबून पाहिली. बोटांना सरकीचे दाणे लागले.

“पार्बताबाई चौकीत आहे, पोरी.”

“ठाव आहे. मी दोनदा उठली, बाबा, जाऊन सांगतो म्हनून. पाय निघाला नाई.” ती दांडीवरून उतरली. “मले वाटलं ते दोन घडी इचारतात अन् सोडतात. उपटायचं तं मले तुमीच सकाळी सांगतलं. मी मायचं बी वाचवाले गेली अन् ताटवाच जाते आता.”

“मले सांगायचं होतं.”

“मडकं देतानी तुमी मले सांगतलं होतं?”

भगवंतराव उशीची शिवण चाचपत राहिले.

“मायनं जातानी मले जवळ बसवलं,” वच्छला म्हणाली. “म्हने, मडक्यात दरसाल नवं बी पडलं पाह्यजे, मधलं. काई झालं तरी एक मूठ घरी. तुमी दुसऱ्या महिन्यात मडकं देऊन बसले. काल त्या दलालाच्या मानसानं सांगतलं, सारा कापूस सरकीसकट मुंबईले जाते. मंग मायचं काय राह्यलं? एक पाटी. तिच्यावर नाव तुमचं.”

फाटकाकडून घोड्यांच्या टापा ऐकू आल्या. साहेब वेळेआधी आला होता.

६

साहेब उंच, उन्हानं भाजलेला, हिंदुस्थानी तोडकंमोडकं बोलणारा. त्याच्यामागं महादेवराव, सूर्यभानजी, सहदेव आणि बाग पाहायला आलेली दोनशे माणसं. विलायती ताटव्यापुढं तो थांबला, मान हलवली. मग बनीच्या ताटव्यापुढं आला आणि भुवई वर केली.

“हे असं का?”

महादेवराव पुढं झाले. “चोरी झाली, साहेब. चोर धरलेला—”

“चोरी नाई झाली,” भगवंतराव म्हणाले.

सगळे त्यांच्याकडं वळले. ते बगलेत उशी घेऊन उभे होते, शेजारी वच्छला. तिच्या एका हातात दगडी पाटा होता, दुसऱ्या हातात लोखंडी सळई. दोन्ही माणिकबाईकडून आणलेली.

“ज्याचं होतं त्यानं नेलं. सांगतो कसं.”

आणि त्यांनी सांगितलं. भात, धागा, पायाची रेघ, खुडलेलं बोंड, मधल्या फांद्या. क्रमानं, एकही गोष्ट न सोडता, जसं ते चावडीवर सांगत. सहदेव मध्येमध्ये मान हलवत होता. सूर्यभानजी पुटपुटले, “माल समजनारा चोर होता, मीच नाई समजलो.” शेवटी भगवंतरावांनी उशीची शिवण उसवली आणि कापूस पाट्याशेजारी ओतला.

“हे माही पोरगी. चूक तिची नाई, माही. बियाचं मडकं घरातली बाई राखते. मी बाईच्या मागं ते न इचारता दिलं. पार्बताबाईले आधी सोडा.”

शिपाई धावला. साहेबानं कापसाकडं बोट केलं. “तरी ताटवा रिकामा. दुसरा भरलेला.”

“ताटव्यात शिरून पाहा, साहेब. दुरून नका पाहू.”

भगवंतरावांनी विलायती झाड वाकवलं. वरून पांढरं होतं. आत पानं तांबडी पडली होती, आणि खालची निम्मी बोंडं न फुटताच दगडासारखी वाळली होती. “यंदा पाऊस दसऱ्याआधी गेला. याले आखरीचं पानी पाह्यजे होतं. पाट सोडूनबी हे असं. गावात पाट कोन सोडते? आता बनीचं बुड पाहा. एक बोंड मेलं असन तं दाखवा.”

साहेब खरंच वाकला. टोपी काढून वाकला. बराच वेळ पाहिलं.

तोवर वच्छला खाली बसली होती. तिनं पाट्यावर कापूस पसरला आणि सळई तळव्यांखाली फिरवली. रुई पुढं सरकली, सरकी मागं टपटप पडली. तिनं रुईचा एक पुंजका उचलून साहेबाच्या तळहातावर ठेवला. त्यानं दोन चिमटींत धरून ओढला. धागा लांबत गेला, लांबत गेला, आणि मग सुटला. त्यानं पुन्हा ओढून पाहिला. मग विलायती बोंडाचा. तो आधी तुटला.

सूर्यभानजी मागून हळूच म्हणाले, “साहेब, हजार गाड्यांत नाई असा.”

साहेब महादेवरावांकडं वळून इंग्रजीत काही बोलला. महादेवरावांनी पगडी सावरली. “साहेब म्हणतात, बनीचा ताटवा राहील. पुढच्या सालीही बनीच. पण नमुना मुंबईला पाठवायचा आहे, तो द्यावा लागेल.”

कोणी काही म्हणायच्या आत वच्छला उठली. पदरात सगळी सरकी घेतली होती. रुईचा ढीग तिनं साहेबापुढं सरकवला.

“रुई तुमची,” ती म्हणाली. “सरकी आमची.”

साहेबाला ते कळायला क्षणभर वेळ लागला. मग तो हसला आणि मान डोलावली. वच्छलेनं सरकीतली एक ओंजळ सहदेवाच्या उपरण्यात टाकली. “मृगाले हेच पेरा, दादा. अन् वेचायच्या आधी मानिकबाईच्या हातून सीतादही.”

“मुंग्या होतात,” महादेवराव सवयीनं म्हणाले. पार्बताबाई तेवढ्यात गर्दीतून पुढं आली होती. तिनं त्यांच्याकडं पाहिलं. ते मागं सरले.

७

दुसऱ्या दिवशी निघायच्या आधी भगवंतराव महादेवरावांच्या खोलीत गेले.

“पाटी बदला.”

“आता काय खोट आली पाटीत?”

“माहं नाव काढा. दुर्गाबाई लिवा.”

“बाईमाणसाचं नाव? सरकारी बागेत?” महादेवरावांनी तपकिरीची डबी उघडली, बंद केली. भगवंतराव हलले नाहीत. शेवटी कारकुनानं ब्रश घेतला. तो माणूस वाईट नव्हता. अक्षर तर फारच चांगलं होतं.

रंग ओला असतानाच पाटी ताटव्यापुढं लागली. भगवंतराव तिच्यापुढं उभे राहिले. बाग पाहायला आलेली माणसं थांबत होती, जे वाचू शकत होते ते मोठ्यानं वाचत होते. ‘वऱ्हाडची बनी. बियाणे दुर्गाबाई, मौजे हिंगणी.’ एक अनोळखी म्हातारी शेजारी येऊन म्हणाली, “कोन हो ही दुर्गाबाई?”

“माही बायको,” भगवंतराव म्हणाले. आवाज जरा मोठा निघाला. त्यांना त्याची लाज वाटली नाही.

मग त्यांनी महादेवरावांना विचारलं, नाव नेमकं कुठून सुरू होतं. महादेवरावांनी बोट ठेवलं. भगवंतरावांनी ती चार अक्षरं नीट पाहून घेतली, पुन्हा कुठं दिसली तर ओळखता यावीत म्हणून.

गाडी बडनेऱ्याच्या वाटेला लागली. वच्छला मागं बसली होती, नवं मडकं मांडीवर धरून. दुपारी ओढ्यापाशी बैल सोडले. तिनं फडक्यात बांधलेलं भांडं उघडलं आणि त्यांच्यापुढं दहीभात ठेवला.

“आज दही लागलं वाटते,” भगवंतराव म्हणाले.

“तवाबी लागलंच होतं, बाबा.”

त्यांनी पहिला घास उचलला, क्षणभर हातात धरला, आणि ओढ्याकाठच्या काळ्या मातीवर ठेवला. मग जेवायला बसले.